कौल उजवा आला

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, वीसेक वर्षं शंभर मीटर पळला. शाळेपासून मुंबईच्या नोकरीपर्यंत, पस्तिशी उलटली तरी. सराव सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळावर, अनवाणी, पोटात नाचणीची भाकरी नि सुकट. बी.पी.एड. करून ठेवलेलं. आमच्या मंडणगडाकडच्या गावात हायस्कूल निघालं, तेव्हा खेळाचा मास्तर म्हणून याच्याशिवाय कोण, असं शाळा कमिटीच तोंड भरून म्हणाली. लेक घरी येणार म्हणून आये हवेत होती.

आणि अठ्ठ्याऐंशी साली पेपरात आलं, जगातला सगळ्यात जोरात पळणारा माणूस ताकदीचं औषध घेऊन शर्यत पळाला. झालं! कमिटीला अक्कल फुटली. या वयात हा असा पळतो कसा? कुणी म्हणालं, याला दवाखान्यात सुया टोचून घेताना मी बघितलाय. बघितलाच असशील रे! गावातलं पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं त्याला, पोटात इंजेक्शनं घेत होता.

दादा कमिटीपुढे गेला. म्हणाला, "मी कधी काही घेतलं नाही."

"तपासणी झालीय तुझी?"

"आमच्यासारख्यांची तपासणी कोण करतो? कधीच नाही झाली."

खरं बोलला नि तिथेच फसला. मेल्यांनो, न घेतलेल्या औषधाचा पुरावा माणसाने आणायचा कुठून?

मग अध्यक्ष म्हणाले, "देवाला इचारू. कौल लावू. तू देवळात ये. उजवा पडला तर उद्यापासनं शाळंत."

देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली तर होकार. गावचे तंटे असेच मिटायचे. पण आम्ही बौद्ध. आमच्या बाबांनी छप्पन्न सालानंतर देव सोडले. त्याआधी देव होते, तेव्हा त्या देवळाची पायरी आम्हाला चढू दिली नव्हती.

"माझा आजोबा बाहेर उन्हात उभा राहायचा," दादा म्हणाला. "मला आत बोलावताय ते आरोपी म्हणून? नाही येणार."

"कर नाही त्याला डर कशाला?" एकजण बोलला, बाकीचे हसले. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्याच्या माघारी त्यांनी कौल लावलाच. उजवा आला. संध्याकाळी अध्यक्ष हार नि नारळ घेऊन आमच्या अंगणात. "देवानं सोडवला तुला. चल, देवापुढं नारळ ठेव नि हो रुजू."

 

दादा म्हणाला, "काका, एवढासा होतो तेव्हापासून तुम्ही मला पळताना बघताय. तुम्हाला काय वाटतं, मी खरा की खोटा?"

"देव बोलला, आता मी येगळं काय बोलू?"

दादाने हार घेतला नाही. सकाळच्या एस्टीने मुंबईला गेला. आठवडाभरात गावाने निकाल दिला, देवाचा कौल झिडकारला म्हणजे पाणी मुरत होतंच. घ्या! नाही गेला म्हणून चोर, देवाने सोडला तरी चोर.

आधी आये वाटेवर भेटेल त्याला थांबवून सांगायची, माझा लेक पळतो. त्यानंतर कुणी विचारलंच, तर एवढंच म्हणायची, "मुंबैला नोकरीला हाय."