तेल वर येईपर्यंत

आमच्या हिच्या मामांइतका सावध माणूस ब्रह्मदेवाने एकदाच घडवला असणार, आणि तोही पुन्हापुन्हा तपासून. सरकारी खात्यात आलेला माल पास-नापास करण्यात त्यांची हयात गेली. रिटायर होऊन मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आले, पण तपासणी काही रिटायर झाली नाही. सकाळी कुणी अंथरुणातून ताडकन उठलं की ओरडायचे, "अरे, अंगात रक्त तरी फिरू दे! कोरडं काही सुरू करू नये." आमच्या लग्नात मंगलाष्टकांआधी त्यांनी भटजींना पेलाभर कोमट पाणी पाजलं, घसा ओला व्हावा म्हणून. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी रडकुंडीला आले, पण पेला संपेपर्यंत मामांनी त्यांना हलू दिलं नाही.

ते दिवसच असे होते की सोसायटीत आज याची, उद्या त्याची नवी कोरी छोटी मोटार यायची आणि आम्ही पेढे खायचो. शेजारचे सरदारजी मामांना रोज टोचायचे, "अंकलजी, नई ले लो यार! आजकल तो बैंकवाले घर आके लोन देते हैं." मामा ढिम्म. त्यांची जुनी बोजड गाडी धूर ओकायला लागली, तेव्हा त्यांनी अख्खं इंजिन स्वतः उघडलं आणि पार्किंगमध्ये सतरंजी पसरून पुन्हा जुळवायला बसले. हौस म्हणावी तर तसंही नव्हतं. त्यामागे मामी होत्या.

मामांच्या एकुलत्या एका लेकीने पानिपतच्या एका हातमागवाल्याशी आपल्या मर्जीने लग्न केलं होतं. "आपण पानिपतला एकदा गेलो होतो, काय झालं ठाऊक आहे ना?" एवढं म्हणून मामांनी विषय बंद केला. लेकही त्यांचीच! "बाबा स्वतः माझ्या दारात आल्याशिवाय मी माहेरची पायरी चढणार नाही," म्हणाली. वर्षं गेली. मग मामींच्या हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस धरू नका. मी टॅक्सी आणतो म्हटलं. मामींनी मान हलवली. "नको रे. हेच गाडी चालवत तिच्या दारात गेले पाहिजेत. मी शेजारी बसेन." आणि काय आश्चर्य, मामा चक्क हो म्हणाले! फक्त इंजिन तेवढं नीट होऊ दे, म्हणाले.

शेवटी एका रविवारी सगळं जुळलं. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी त्यात तेल फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर लोखंडावर कोरडं लोखंड घासतं. मामांनी प्लग काढले, वरचं झाकण उघडं ठेवलं, पुढून हँडल घातलं आणि हाताने इंजिन फिरवू लागले. तेल वर आलेलं दिसलं की निघायचं. मामी हिरवी साडी नेसून, लेकीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मामा घामाघूम झाले. तेल आलं, छान आलं, पण झाकणाखालचं शेवटचं एक टोक कोरडंच राहिलं.

"मामा, सुरू करा, येईल तिथेही," मी म्हटलं.

"येईल म्हणजे? न बघता पास करू?"

"अहो," मामी हळूच म्हणाल्या, "राहू दे ना ते. निघू या."

"चार दिवस दे मला फक्त. परत उघडतो, बघतो. येत्या रविवारी नक्की."

मामी उठल्या. डबा घेऊन वर गेल्या. तो पुढचा रविवार काही त्या माउलीला दिसला नाही.

लेक आली ती आईला पोचवायला. तेरावं होईपर्यंत बापलेकींत पाणी दे, ताट घे याच्यापलीकडे शब्द नव्हता. चौदाव्या दिवशी मामा म्हणाले, "मी सोडतो तुला." गाडी एव्हाना सुरू झाली होती, लोण्यासारखी चालत होती. नवं इंजिन म्हणून मामा बैलगाडीच्या चालीने निघाले. ट्रकवाले शिव्या घालत पुढे जात होते. मी मागे बसलो होतो. पुढे ती दोघं. पानिपतला मामा तिच्या दारात उतरले, आत गेले, चहा प्यायले. लेक दारातच त्यांच्या गळ्यात पडून रडली.

परतताना मामांनी गाडी अशी सोडली की माझा जीव मुठीत! "मामा, इंजिन नवं आहे!"

"असू दे. आता कुणासाठी जपायचं?"

बराच वेळ ते तसेच सुसाट चालले होते. सोनीपतच्या अलीकडे वेग आपोआप कमी झाला. मामांनी चष्मा काढून बाहीने पुसला.

"दिवाळीला या म्हणालीय," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "त्याच दिवशी निघायला हवं होतं गं."