बढतीत हरवलेली झोप

बढती मिळाल्या दिवसापासून माझी झोप उडाली. लोकांची बढती न मिळाल्यामुळे उडते, पण आमच्याकडे कुठलीच गोष्ट सरळ होत नाही.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही पुण्याहून बंगळूरला नवीनच आलो होतो. राहायला इंदिरानगर आणि नोकरी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! (घर नोकरीच्या जवळ घ्यावं एवढी साधी अक्कल कुणालाच कशी नव्हती, असं माझी बायको साधना दर रविवारी विचारत असे. घर मी निवडलं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.) कारखान्याची बस सकाळी कोपऱ्यावर येई. मी खिडकीजवळची सीट पकडे, बसचा घर्रर्र आवाज सुरू होई आणि पुढच्या सिग्नलच्या आत माझे डोळे मिटत. तासाभरानं ड्रायव्हर कृष्णप्पा हाळी देई, "पीण्या बंतु! इळीरी, इळीरी!" पीण्या आलं, उतरा!

ती हाळी कानावर पडली की मी उठे, पिशवी उचले, कृष्णप्पाच्या खांद्यावर थाप मारून "सरी अण्णा", म्हणजे "बरं दादा", म्हणे आणि उतरून चालू लागे. यातलं काहीही मी जागेपणी करत नसे! खरी जाग यायची ती कारखान्याच्या फाटकाची कडी हाताला लागली की. तोवरचा सगळा कारभार शरीर आपल्या जबाबदारीवर उरकायचं. संध्याकाळी परतताना हाच प्रकार उलट दिशेनं.

मग मी असिस्टंट मॅनेजर झालो. मॅनेजर लोक बसनं येत नाहीत, म्हणून मला स्कूटर मिळाली. पहिला आठवडा मी बसला ओव्हरटेक करताना मुद्दाम हॉर्न वाजवला. दुसऱ्या आठवड्यापासून दिवसभर जांभया येऊ लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी साहेबांच्या मीटिंगमध्ये "उत्पादन वाढवण्यासाठी" एवढं म्हणून झोपलो. ते वाक्य अजून अपुरंच आहे.

साधनानं मला डॉक्टरांकडे नेलं.

"रात्री किती झोपता?"

"पाच तास."

"कमी आहे. मोठ्या माणसाला सात-आठ तास झोप हवी. पूर्वी किती झोपायचात?"

"पाचच."

"तेव्हा त्रास होत होता?"

"छे!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि साधनाला म्हणाले, "यांना जरा फिरायला नेत जा."

कोडं सोडवलं ते माझ्या मेव्हणीनं. विद्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागली होती आणि आमच्याकडेच राहायची. तिनं वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. "घरी पाच, जाताना एक, येताना एक. झाले सात! भाऊजी, तुमची झोप गेली नाहीये. ती बसमध्ये राहिलीय!"

"मग आता काय, बस घरी आणायची?" मी म्हटलं.

हे मी चेष्टेत म्हटलं होतं. पण साधना नागपूरची. ती चेष्टेतलं बोलणंही कामाला लावते. पुढच्या शनिवारी ती टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन आमच्या कारखान्याच्या बसमध्ये बसली आणि इंदिरानगर ते पीण्या असा अख्खा प्रवास तिनं कॅसेटवर उतरवून आणला! कॅसेटची एक बाजू यशवंतपूरपाशी संपली, उरलेला रस्ता दुसऱ्या बाजूवर. कृष्णप्पाला वाटलं, आपला आवाज रेडिओवर लागणार. त्यानं केस विंचरले आणि पीण्याला पोचल्यावर एरवीच्या दुप्पट जोरात हाळी दिली.

त्या रात्री उशाशी पहिली बाजू लावली आणि काय सांगू! यशवंतपूरच काय, मी मल्लेश्वरमसुद्धा पाहिलं नाही. सकाळी सातला उठलो तेव्हा साधना शेजारी बसून होती. तिला रात्रभर डिझेलचा वास आल्यासारखं वाटत होतं म्हणे. कॅसेटची दुसरी बाजू लावायची वेळ कधी आलीच नाही.

इथपर्यंत ही माझी खाजगी बाब होती. पण मधल्या काळात, म्हणजे कॅसेटचा शोध लागण्याआधी, मी एक पाप करून ठेवलं होतं. विद्याला बघायला मुंबईचं एक स्थळ आलं होतं. सासरेबुवांना गुडघ्यांमुळे नागपूरहून येणं जमत नव्हतं, म्हणून मुलीकडचा वडीलधारा माणूस मी. मुलाचे काका त्यांच्या नव्या फ्लॅटबद्दल सांगत होते आणि मी अर्धा लाडू हातात धरून बसल्या जागी झोपलो. आठ दिवसांनी निरोप आला, "मुलीच्या घरच्यांना आमच्यात रस दिसला नाही." विद्याला तो मुलगा आवडला नव्हताच, त्यामुळे मी वाचलो.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. मोहन तिच्याच ऑफिसातला. दोघांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार बाकी होता. त्याचं घराणं मराठीच, पण चार पिढ्या बंगळूरात मुरलेलं. आई स्वभावानं चांगल्या, पण पारख करणाऱ्या. त्यांनी मोहनला आधीच विचारलं होतं, "मुलीकडे कुणाला आजारबिजार नाही ना? ते मुंबईवाले काय की म्हणत होते, तिचे भाऊजी बसल्या बसल्या बेशुद्ध पडतात म्हणून." (बंगळूरात मराठी माणसं मोजकी. बातमी फिरायला वेळ लागत नाही.)

विद्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "भाऊजी, तुम्ही काही बोलू नका, काही विचारू नका. फक्त जागे राहा. एवढंच करा माझ्यासाठी."

मला खरंच वाईट वाटलं. मी शब्द दिला. रविवारी दुपारी साडेचारला या, असा निरोप मीच पाठवला. त्याआधी तीन ते चार मी झोप काढायची आणि ताजातवाना होऊन बाहेर यायचं, अशी योजना साधनानं आखली. तीन वाजता मी बनियन-पायजम्यावर आडवा झालो आणि घाईघाईत कॅसेट लावली. उलटी, म्हणजे दुसरी बाजू.

यापुढचं सगळं मी साधनाच्या साक्षीवरून लिहितो आहे.

तीन वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात मोहन, त्याची आई आणि वडील!

"रविवारी साडेचारपासून राहुकाळ की हो!" मोहनची आई हसत म्हणाल्या. "चांगली गोष्ट राहुकाळात बोलतात का? म्हणून आम्ही स्वल्प लवकर आलो."

आता आम्हा पुणेकरांना राहुकाळ कुठला माहीत? आमच्याकडे तीन वाजता कुणी कुणाकडे जात नाही, एवढंच माहीत! मोहनच्या घरच्यांना वाटलं, हे नवे आहेत, चुकून वेळ दिली असेल, उगाच कशाला बोलून दाखवायचं. आणि ते गुपचूप वेळ बदलून आले.

"आणि तुमचे हे कुठे?" आईंनी विचारलं.

पाहुणे दारात आणि यजमान झोपलेला, तोही हा यजमान! साधना पटकन बोलून गेली, "हे ना, बाहेर गेलेत. येतीलच इतक्यात."

मला उठवायला आत जावं तर खोलीचं दार पाहुण्यांच्या अगदी समोर. ते उघडलं की मी दिसणार! ती पोहे करायला वळली. बंद दाराआडून आवाज येत होताच. घर्रर्र... घर्रर्र... मध्येच करकचून ब्रेक.

"हा कसला आवाज?"

"शेजारी बोअरवेल खणतायत," विद्या म्हणाली.

तेवढ्यात दाराआडून हॉर्न वाजला.

"बोअरवेलला हॉर्न?" मोहन म्हणाला. विद्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर गप्प कधी बसायचं हे त्याला तिथल्या तिथे समजलं.

मोहनचे वडील मात्र काहीच विचारत नव्हते. गृहस्थ उंच, किडकिडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वेताच्या खुर्चीत बसल्यापासून त्यांची मान हळूहळू खिडकीकडे कलत होती. साधना पोहे घेऊन आली, विद्यानं नमस्कार केला, आईंनी "बाळ, स्वयंपाक येतो की?" असं विचारायला तोंड उघडलं आणि कृष्णप्पानं दुप्पट जोरात हाळी दिली.

"पीण्या बंतु! इळीरी! इळीरी!"

खोलीचं दार उघडलं. मी बाहेर आलो. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, डोळे अर्धवट मिटलेले, आणि खांद्याला साधनाची मोत्यांची पर्स! (दारामागच्या खुंटीवर रोज माझी डब्याची पिशवी असते. रविवारी पर्स असते. शरीराला वार कळत नाहीत.) बाहेरच्या दाराजवळ, म्हणजे ड्रायव्हरच्या जागी, मोहनची आई बसल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि "सरी अण्णा!" म्हणून बाहेर पडलो.

विद्यानं तोंडावर हात ठेवला. साधनाच्या डोळ्यांसमोर लग्न मोडलेलं होतं आणि मीही मोडलेला होतो.

आणि मग वेताची खुर्ची करकरली. मोहनचे वडील उभे राहिले. डोळे मिटलेले! त्यांनी साधनाच्या हातातली पोह्यांची बशी डब्यासारखी काखोटीला मारली, बायकोच्या खांद्यावर थाप मारली, "बर्तीनि अण्णा!", म्हणजे "येतो दादा!", म्हणाले आणि माझ्यामागोमाग पायऱ्या उतरले.

फाटकाची कडी हाताला लागली आणि मला जाग आली. समोर कारखान्याऐवजी आमची गल्ली. खांद्याला पर्स. मागे वळून पाहतो तर एक अनोळखी गृहस्थ, शर्टभर पोहे, तेही नुकतेच जागे होत असलेले!

त्यांनी शर्टावरचे पोहे झटकले.

"कुठली कंपनी?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितली. "तुम्ही?"

"तुमच्या मागच्या रस्त्यावरची. अठरा वर्षं बसनं गेलो हो पीण्याला. दोन वर्षांमागे रिटायर झालो." त्यांनी डोळे चोळले. "तेव्हापासून धड झोप नाही. रात्रभर नुसता छत बघतो. डॉक्टर झाले, काढे झाले. आज तुमच्याकडे कसा की डोळा लागला!"

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पर्स मध्ये येत होती, तरी मारली.

एव्हाना सगळे दारात जमले होते. मी मान खाली घालून मोहनच्या आईंकडे गेलो. "मावशी, चूक माझी आहे. विद्या गुणी मुलगी आहे, माझ्यावरून तिला..."

"ते असू द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. हसून की रडून, ते साधनालाही नक्की सांगता येत नाही. "दोन वर्षांनी ह्यांना घोरताना ऐकलं हो मी! आधी सांगा, तुमच्या त्या बोअरवेलमध्ये काय आहे?"

मी त्यांना आत नेऊन कॅसेट दाखवली. राहुकाळ लागायला अजून तासभर होता. तेवढ्यात सगळं ठरलं. मुलाकडच्यांनी मानपान, देणंघेणं काही मागितलं नाही. एकच गोष्ट मागितली, तीही मोहनच्या आईंनी अगदी संकोचून. विद्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी ती कॅसेट तिथल्या तिथे रुमालात गुंडाळून, वर सुपारी ठेवून त्यांच्या हाती दिली. कॉपी काढून ठेवायचं सुचलं नाही.

लग्न थाटात झालं. कृष्णप्पाला आग्रहानं बोलावलं होतं आणि जेवणाच्या पंगतीत त्यानं हाळी दिली तर व्याही आणि मी पानावरून उठून चालू लागू, म्हणून त्याला गप्प ठेवायला मोहनला त्याच्याशेजारी बसवलं होतं. विहीणबाई सांगतात, व्याही आता रोज सात तास झोपतात. कधी दुसरी बाजू लागली तर मध्येच पीण्याला उतरतात, पण विहीणबाईंनी दाराला आतून कुलूप घातलंय.

आणि मी? कॅसेट गेल्यावर चार दिवस जांभया दिल्या आणि पाचव्या दिवशी मुकाट्यानं कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. बस थांबली. कृष्णप्पानं विचारलं, "साहेब, स्कूटर?"

"रिपेअरला दिलीय."

ती अजून रिपेअरलाच आहे. घरी पाच, जाताना एक, येताना एक, असे डॉक्टरांनी सांगितलेले सात तास आता बिनचूक भरतात. पुढे मी मॅनेजर झालो, दार बंद होणारी स्वतंत्र केबिन मिळाली, आणि तेव्हापासून आठ भरतात.