आमच्या घरात विजया नको

चहा संपेपर्यंत ऐकून घ्या, मग हसायचं तेवढं हसा. तसंही बालाघाटच्या बाजारात माझी अब्रू आता शिल्लक राहिलेली नाही.

झालं असं. बस स्टँडजवळच्या चहाच्या ठेल्यावर बरेच दिवस एकच वाद चालला होता, गांजा कायदेशीर करावा की नाही. कुणी म्हणे, औषध आहे, करावा. कुणी म्हणे, भांगेचा सरकारी ठेका चालतो, मग गांजानं काय पाप केलं? आणि या सगळ्यांना गप्प करणारा मी. धंदा कापडाचा, पण बोलणं असं, जणू कायदा मीच लिहिला.

"दुखते म्हणून नशा करायची काय?" मी बाकडं ठोकून म्हणायचो. "आज औषध म्हणून घरात घ्यान, उद्या पोरं ओढतीन."

लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, आपण जिल्हा वाचवला.

घरी बाबा. आई गेल्यावर लांजीहून आमच्याकडे राहायला आलेले. उन्हाळ्यात त्यांच्या कमरेवर नागीण उठली. फोड वाळले, पण आग काही जाईना. रात्रभर पलंगावर बसून असायचे. मग एकाएकी शांत झोपायला लागले. मी म्हटलं, चला, बरे झाले.

एका संध्याकाळी दुकानातून लवकर आलो, तर बाबा पाठमोरे बसून लांजीच्या मित्राशी फोनवर बोलत होते.

"हौ रे, विजया आली तवापासून झोप लागून राह्यली. नाही तं मेलोच होतो मी. नाही बाप्पा, पोराले नाही सांगतलं. त्याले पटणार नाही. चार लोकाइत बसते तो, त्याची इज्जत जाईन."

आता तुम्हीच सांगा, कुणाच्या डोक्यात काय येईल? आमच्या गल्लीत विजया एकच. विजयाबाई, सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मला तिसरीत लांजीच्या शाळेत याच बाईंनी शिकवलं. अधूनमधून बाबांसाठी अंबाडीची भाजी आणायच्या. तो भाजीचा डबा मला एकदम वेगळाच दिसायला लागला.

बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत म्हणाली, "असन तं असू द्या. बुढ्या मानसाले बोलाले कोनी तं लागते."

"अन् रात्रीची झोप?" मी विचारलं. मग तिचंही लाटणं थांबलं.

गोंदियाला ताईला फोन केला. "लवकर ये, बाबानं घरात विजया आणली." दुसऱ्या दिवशी ताई रडत आली. तिच्यामागून भावजी पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांनी फोन अर्धाच ऐकला होता, त्यांना वाटलं लग्न ठरलं.

मी तसाच उठलो आणि विजयाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोललो ते सांगायला आजही जीभ अडते. "बाई, तुमच्या वयाले हे शोभते काय? आमच्या घरात विजया नको." गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "चाल," म्हणाल्या, "तुझ्या बापालेच विचारू."

बाबांसमोर उभ्या राहून त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, तुमाले माह्यामुळं झोप लागते म्हणते तुमचा पोरगा. खरं हाय काय?"

बाबा आधी काही समजलेच नाहीत. समजल्यावर त्यांनी मान खाली घातली, उशीखाली हात घातला आणि एक इवलीशी बाटली काढली.

"हे पाह्य विजया. भांगीच्या पानाचं औषध. वैद्य चिठ्ठीवर देते. दोन थेंब जिभेखाली."

"मंग लपवलं काहून?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बाटली घेऊन येऊन राह्यलतो," बाबा म्हणाले. "म्हटलं, पोरासंग चहा पिऊ. ठेल्यावर आलो तं तू सांगून राह्यलता, दुखते म्हणून नशा करायची काय. मंग तसाच घरी आलो."

ताई रडायची थांबली. मला कुठं पाहावं ते कळेना. बाप रात्र रात्र जळत होता, आणि आराम पडला तोही त्यानं माझ्या भीतीनं चोरून घेतला. मी बाबांचे पाय धरले, बाईंचे धरायला वळलो, तर त्या मागं सरकल्या.

"राहू दे," म्हणाल्या. "तिसरीतच सांगतलं होतं तुझ्या बापाले, पोरगा हुशार हाय, पण प्रश्न पुरा वाचत नाही."

"मंग या पेढ्याइचं काय करायचं?" भावजींनी विचारलं. बाईंनी एक उचलला आणि निघून गेल्या.

आता बाटली आणायला मीच जातो. परवा वैद्यांकडे बसायला जागा नव्हती. ठेल्यावरची मंडळी, गल्लीतल्या बायका, आणि कोपऱ्यात गुडघे चोळत विजयाबाई. आतून वैद्यांचा माणूस ओरडला, "विजया किसको चाहिए?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच हात वर केला. "हमको."

"जोरानं बोल," कोपऱ्यातून आवाज आला. "त्या दिवशी तं साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं."

मग काय, तिसरीतल्यासारखा उभा राहिलो, हाताची घडी घातली आणि भरल्या दवाखान्यात खणखणीत सांगितलं, "हमारे घर में विजया चाहिए."