कुंकू लागलेलं मॅगझिन

कॉव्हेंट्रीला आल्यावर ओळखीच्या मराठी बायका योगाच्या क्लासला गेल्या, मी रायफल क्लबमध्ये गेले. कॉलेजात कॅडेट असताना माझा नेम चांगला होता. लग्न, व्हिसा, नोकरी या गडबडीत तो शिल्लक राहिलाय की नाही, हे मला बघायचं होतं. नवरा म्हणाला, "तुला दुसरं काही सापडलं नाही का?" पोलिसांचा माणूस घरी येऊन रायफल ठेवायला भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून बघून गेला आणि परवाना आला, तेव्हा मात्र हाच ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटला.

क्लबातल्या एका वयस्कर मेंबरने डोळ्यांमुळे शूटिंग सोडलं आणि त्यांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक मी घेतली. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप चढतं, अशी. मोठ्या काडतुसांच्या तसल्या रायफली इथे बंदच आहेत. ही बारक्या काडतुसांची, कागदावर भोकं पाडणारी. लाकूड सुंदर होतं, आत मात्र आनंद होता. स्प्रिंग मेलेली, काडतूस ओढून काढणारा आकडा तुटलेला, काडतुसं भरायचं मॅगझिन हरवलेलं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पण मी गाड्यांचे पार्ट तपासणारी इंजिनिअर. मापात न बसणारा पार्ट परत पाठवायचा, हे माझं रोजचं काम. म्हटलं, ही कितीशी अवघड असणार!

पार्ट हळूहळू जमवले. सगळे बसले, दिसायला छान दिसली, आणि पहिल्याच संध्याकाळी रेंजवर अडकली. काडतुसाचं टोक चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेच्या, तोंडाखाली आपटायचं आणि तिथेच थांबायचं. कधी तिसरं, कधी नववं. क्लबात प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणाला आकडा बदल, दुसरा म्हणाला स्प्रिंग कडक आहे, तिसरा म्हणाला काडतुसांचा ब्रँड बदल. मी सगळं केलं. मॅगझिनवर कुणाचा संशय नव्हता, माझाही नाही, कारण ते आत सरकवलं की खट्ट असा खणखणीत आवाज यायचा.

त्यातच क्लबच्या टीममधली एक जागा रिकामी झाली. चौघांची टीम, वेळ लावून झटपट गोळ्या मारायच्या, त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिकच हवी आणि क्लबकडे उसनी द्यायला तशी एकही नाही. कॅप्टन गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "नेम तुझा उत्तम आहे. पण अडकणारी रायफल मी टीममध्ये घेऊ शकत नाही. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी बघू." दसरा हा शब्द अर्थातच त्याचा नव्हता, तो 'पुढच्या आठवड्यात' म्हणाला. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की कामावर जेवतानाही माझ्या डोक्यात चेंबरच घोळत होता.

तेव्हा सासूबाई नागपूरहून आलेल्या होत्या. खंडेनवमीला मी डायनिंग टेबलवर पांढरं कापड घालून रायफलचे सुटे भाग, माझं मापं घ्यायचं व्हर्निअर आणि नवऱ्याचा लॅपटॉप मांडला. सासूबाई हळदकुंकवाचं ताम्हन घेऊन आल्या आणि पाण्यात कालवलेलं कुंकू सढळ हाताने लावू लागल्या.

"आई, आतल्या बाजूला नको हं. मशीन आहे ते."

"मशीनलाच तर लावतात. तू मधे काय बोलून राहिलीस?"

मॅगझिनला तर त्यांनी मागच्या खाचेपर्यंत माखलं. त्या खाचेत रायफलची खिटी अडकते आणि मॅगझिन धरून ठेवते. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. गुरुवार तोंडावर आला होता, पण नियम म्हणजे नियम. मी दिवसभर टेबलाभोवती फिरत राहिले. सासूबाई मजेत टीव्ही बघत होत्या.

दसऱ्याला सकाळी रायफल जोडली. पूजेचं कुंकू काही मी पुसलं नाही. हे शहाण्या इंजिनिअरने करू नये, पण माझा हातच धजला नाही. मॅगझिन सरकवलं, खट्ट झालं, प्लॅस्टिकची डमी काडतुसं चढवून बघितली, पुन्हा अडकलं. चिडून मॅगझिन बाहेर काढलं आणि बघतच राहिले. खाचेतलं कुंकू जसंच्या तसं होतं. फक्त एका कोपऱ्यात बारीक रेघ पुसली गेली होती. म्हणजे खिटी खाचेत पूर्ण बसतच नव्हती, नुसती कडेवर टेकत होती. मॅगझिन लोंबकळत होतं, आणि काडतूस जिथे चढायला हवं त्याच्या खालीच राहत होतं.

मी मोठ्याने हसले. दोन पार्ट एकमेकांना कुठे टेकतात ते बघायला आम्ही कारखान्यात निळा रंग लावतो. तेच काम सासूबाईंनी लाल रंगाने केलं होतं, आणि मी त्यांना नको म्हणत होते.

साउथहॅम्प्टनच्या एका जुन्या पार्टवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, "तुमच्या रायफलला खिटी कुठली आहे, जुनी की नंतरची?" खिटी काढून हातात धरलेलीच होती, मापं सांगितली. आधी कधीतरी कुणीतरी नंतरच्या मॉडेलची बसवली होती. मॅगझिन मी जुन्या मॉडेलचं आणलं होतं. दोन्ही पार्ट उत्तम, पण एकमेकांचे नव्हते. जुनी खिटी पोस्टाने आली. बसवली, खाचेत पुन्हा कुंकू लावून बघितलं. या वेळी ते कडेपासून कडेपर्यंत पुसलं गेलं. मग सगळं नीट साफ केलं.

गुरुवारी सासूबाई स्वतःहून बरोबर आल्या. काचेमागे शाल पांघरून, कानांवर ते मोठे हेडफोन घालून बसल्या. मी शूट करत गेले. मॅगझिन संपलं, दुसरं भरलं, तेही संपलं. रायफल एकदाही अडकली नाही. माझी मान इतकी ताठ झाली होती की कागद आणायला जाताना मला खाली बघवत नव्हतं.

कॅप्टनने कागद तपासले. "ब्रिलियंट! कुठल्या गनस्मिथकडे दिली होतीस?"

"मीच केलं."

"खरंच? वेल डन. मग तुला आपण रिझर्व्ह ठेवू या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज मी चढवला नाही. "रिझर्व्ह कशाला? तुमची अट रायफल अडकू नये ही होती. ती अडकली नाही. आणि टीममधल्या तिसऱ्या माणसाचा आजचा कागद तिथेच आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा."

त्याने ठेवले. बराच वेळ बघितलं. मग त्याने बोर्डावर, रिकाम्या जागी, माझं नाव लिहिलं.

या देशात बसमधून उतरतानासुद्धा मी ड्रायव्हरला थँक्यू म्हणते. त्या संध्याकाळी म्हटलं नाही. ती जागा मला कुणी दिलेली नव्हती.