हिरवं दिसतंय का?

मी सांगायला बसलो की दोनाचे दहा होतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे लेकीनं प्रयोगशाळेतून पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या प्लेटचा फोटो पाठवला, तेव्हा मी तो लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला : 'पोरीनं बॅक्टेरियात नवं जनुक घातलं. प्लेट गच्च भरली!' मयूर विहारच्या मार्केटातून बर्फीही आणली.

संध्याकाळी ती घरी आली आणि बर्फीकडे बघून म्हणाली, "बाबा, यार, तुला कुणी सांगितलं होतं?"

मग तिनं समजावलं. प्लेटमधला प्रत्येक ठिपका म्हणजे बॅक्टेरियाचा पुंजका, आणि प्लेटमध्ये त्यांना मारणारं अँपिसिलीन हे औषध असतं. नवं जनुक ज्यांनी घेतलं, तेवढेच त्यात जगतात. पण प्रदूषणानं हवा बिघडली म्हणून तिची संस्था बंद होती, प्लेटा नको तितका वेळ उबेत राहिल्या. मधल्या एका मोठ्या ठिपक्यानं आजूबाजूचं औषध मोडून टाकलं आणि त्याच्या आडोशाला बाकीचे बारके वाढले. त्यांच्याकडे जनुकबिनुक काही नाही.

"दुसऱ्याच्या जिवावर निवांत? म्हणजे मीच की!"

"कळलं एकदाचं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या सरकारी पगारावर माझी भाषांतरं चालतात.

लेक हसली नाही. खरा तो मधला एकच ठिपका, ती म्हणाली. त्यात हिरव्या प्रकाशाचं जनुकही असायला हवं होतं. ते एरवी गप्प असतं, अरॅबिनोज नावाची साखर मिळाली की जागं होतं. तो ठिपका तिनं साखर घातलेल्या नव्या प्लेटवर लावला होता. या खेपेला चमकला नाही तर विषय सोड, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. तीन वर्षं घातली होती तिनं त्यात.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. अंधारी खोली, जांभळा दिवा, प्लेट.

"बाबा, मला हिरवं दिसतंय. पण मला ते हवंच आहे ना, म्हणून माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. तू सांग."

मी चष्मा पुसला. फोन जवळ नेला, लांब नेला. वाढ झकास होती, पण पांढुरकी. न दिसलेलं रंगवून सांगण्यात माझी हयात गेली, एका 'हो'ला कितीसं लागतं?

"नाही गं. पांढरंच आहे."

"अच्छा."

दिवा विझला. कॉल मात्र तिनं कापला नाही. काळ्या पडद्यातून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि वरच्या कोपऱ्यात ग्रुपवरची अभिनंदनं टपकत होती.