क्रेनच्या हुकाची चोरी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, पण एका क्रेनच्या हुकाची चोरी अजून मनातून जात नाही. राज्यांची फेररचना होऊन माझी बेळगावहून बंगळूरला बदली झाली होती. राजाजीनगरच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते, उन्हाळ्यातही पंखा लागत नसे आणि फौजदाराला सायकलवरून सगळी हद्द फिरता येई. फार सुखाचे दिवस होते ते.

एका सोमवारी तिथल्याच एका जुन्या कारखान्याचे मॅनेजर स्वतः ठाण्यात आले. रविवारच्या सुट्टीत त्यांच्या क्रेनचा मणभर वजनाचा लोखंडी हूक नाहीसा झाला होता. काम ठप्प होतं आणि सरकारी ऑर्डरची मुदत तोंडावर आली होती. मी फिर्याद नोंदवून घेतली, पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं, तेव्हा चोर आतलाच हे उघड होतं.

खबर दिली एका जटकेवाल्याने, म्हणजे तिकडच्या टांगेवाल्याने. रविवारी एका साहेबांनी जड पोतं मल्लेश्वरमला नेलं. पोत्याच्या वजनाने जटका मागे कलला, म्हणून साहेब पुढे येऊन त्याच्या शेजारी बसले. असा साहेब त्याने जन्मात पाहिला नव्हता.

ते घर निघालं त्याच कारखान्याच्या इंजिनिअरचं. पुण्याकडचा माणूस, दोन लहान मुलींचा बाप. हूक न्हाणीघरातल्या सरपणाखाली सापडला. ठाण्यात मी मराठीत विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. हुकाला केसाएवढी भेग पडली होती. नवा मागवा म्हणून त्याने तीनदा लेखी कळवलं होतं आणि तिन्ही वेळा 'एवढी ऑर्डर निघू द्या' असं उत्तर मिळालं होतं.

मी मॅनेजरना बोलावलं. मनाने वाईट नव्हते ते. काम थांबलं तर कामगारांच्या घरी चूल कशी पेटायची, ही त्यांची काळजी खरी होती. ते म्हणाले, "अकरा वर्षं हाच हूक वजन उचलतोय. काही झालंय का आजवर?"

इंजिनिअर हळूच म्हणाला, "अकरा वर्षं उचलतोय, म्हणूनच भीती वाटते."

माझी एक पद्धत होती. माणूस खरं बोलतो की नाही अशी शंका आली, की कोरा कागद पुढे सरकवायचा आणि तेच स्वतःच्या हाताने लिहून द्यायला सांगायचं. खोट्याचा हात थबकतो. मॅनेजरनी 'हूक सुरक्षित आहे' असं झरझर लिहून सही ठोकली. मग मी इंजिनिअरला म्हटलं, हूक तुटणार असं लिहून द्या. त्याने पेन खाली ठेवलं.

"तुटणारच असं कसं लिहू, साहेब? उद्या तुटेल, नाहीतर वर्षभरही टिकेल. मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणून तर काढून नेला."

मी चक्रावलो. माझ्या पद्धतीने खोटा तोच ठरत होता. पण लोखंड ओळखणारा तोच होता, आणि खात्री होती ती न ओळखणाऱ्याला. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं.

मला कळत होती ती फक्त ठाण्याची रीत. हूक आता मुद्देमाल होता, कोर्टाच्या हुकमाशिवाय परत देता येणार नव्हता. मी तो तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला. तिकडून महिनाभराने अहवाल आला: भेग आहे, पण हूक केव्हा तुटेल हे सांगता येत नाही. तोवर मॅनेजरनी नाइलाजाने मुंबईहून नवा हूक आणवला होता. लबाडीचा हेतू नसल्याने चोरीचा गुन्हा होत नाही, असा अहवाल मी कोर्टाला दिला आणि इंजिनिअरची तुरुंगवारी टळली. नोकरी मात्र गेली. जुना हूक कधीच तुटला नाही, कारण तो परत क्रेनवर चढलाच नाही. आपणच बरोबर होतो असं मॅनेजर शेवटपर्यंत सांगत राहिले.

आमच्या खात्यातही टळलेल्या गुन्ह्याची नोंद कुठल्याच डायरीत होत नाही. पण ज्याच्यामुळे तो टळतो, त्याला शिक्षा होते हे मी तेव्हा प्रथम पाहिलं. ते अजून सलतं.

बऱ्याच वर्षांनी सिटी मार्केटात एक म्हातारा कामगार भेटला. निपाणीकडचा. त्या क्रेनखाली उभा राहून साखळ्या बांधायचा. हसत म्हणाला, "साहेब, आमचा हूकचोर इंजिनेर ध्यानात हाय न्हवं?"

मला राग आला. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसवून त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "कुठं असत्यात आता ते?"

मला ठाऊक नव्हतं.