मशीनरूमची हवा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. पंखा रोज फिरत असतो, पात्यावर काय बसलंय ते दिसत नाही. मग एक दिवस लाइट जाते, पंखा थांबतो आणि आपण वर बघून म्हणतो, "अगं बाई, एवढं साठलं?" आमच्या टेलिफोन एक्स्चेंजचं तसंच झालं. मी रिटायर झाले, पंखा थांबला, आणि वर बघते तर ही गर्दी!

नव्वदच्या दशकाची सुरुवात. माझी बदली सांगलीहून पाटणच्या अलीकडच्या एका लहानशा गावी झाली. मी माधवनगरची, त्यामुळे उन्हाचं मला काही नव्हतं. पण इथला उन्हाळा एकटा येत नसे. शिमगा झाला की डोंगरांवर वणवे लागायचे. कुणी म्हणे, गवत जाळलं की पुढचं जोमानं येतं म्हणून मुद्दाम लावतात. कुणी म्हणे, विडीचं थोटूक. कसंही लागो, धूर खाली दरीत उतरायचा आणि चार-चार दिवस मुक्काम ठोकायचा. सकाळी वाळत घातलेल्या साडीला संध्याकाळी चुलीपुढं बसल्याचा वास!

ऑफिसात आम्ही चौघं. टेंबेसाहेब इंजिनिअर, साताऱ्याचे, नियमाला पक्के. बिरूमामा लाइनमन, जतकडचे, घरची मेंढरं भावावर सोडून खात्यात आलेले. हौसाक्का गावातलीच, झाडलोट करायची. आणि मी, तक्रारी लिहून घेणारी.

गावात एसी एकच, तो आमच्या मशीनरूममध्ये. मशीनसाठी! माणसं बाहेरच्या खोलीत पत्र्याखाली. पहिल्याच दिवशी बिरूमामा मला म्हणाले, "बाई, फुडल्या जल्मी मानूस न्हाई व्हायचं. मशीन व्हायचं!"

*

मशीनरूमचा नियम कडक. चप्पल बाहेर काढायची, आणि कामाशिवाय आत जायचं नाही. त्यामुळे एप्रिल लागला की आम्हाला आतली कामं फार आठवायची.

एकदा साहेब साताऱ्याची मीटिंग लवकर आटोपून भर दुपारी परत आले. बाहेरच्या खोलीत कुणी नाही. मशीनरूमचं दार बंद. दारापुढं चपलांचे सहा जोड!

साहेबांनी दारावर टकटक केली. "कोण आहे आत?"

आतून बिरूमामांचा आवाज, "मी हाय, साहेब! मशीनचं कार्ड बदलतोय!"

"सहा जण मिळून?"

आत आम्ही तिघं, शिवाय पोस्टमास्तर, ग्रामसेवक आणि बिल भरायला आलेला एक किराणा दुकानदार. सगळे श्वास रोखून उभे. बिरूमामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले,

"कार्ड लय जड हाय, साहेब!"

*

त्यानंतर साहेबांनीच सुचवलं की वर्गणी काढून बाहेरच्या खोलीला एक कूलर घेऊ. सांगलीत पत्र्याचे कूलर मिळायचे, मागच्या बाजूला गवताच्या जाळ्या लावलेले. बिरूमामा गावाकडून येताना एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. खिडकीत बसवला, टाकीत चार घागरी पाणी ओतलं, बटण दाबलं. आहाहा! आठ दिवस आम्ही राजे होतो.

नवव्या दिवशी समोरचा डोंगर पेटला. आम्ही म्हटलं, दारं-खिडक्या लावून घेऊ आणि कूलर फुल सोडू. दहा मिनिटांत खोलीत एकमेकांची तोंडं दिसेनात! कूलर बाहेरची हवा आत ओढतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावभरचा धूर त्यानं इमानेइतबारे ओढून आमच्या अंगावर सोडला.

बिरूमामा खोकत खोकत बाहेर पळाले. ओट्यावर बसून डोळे पुसत म्हणाले, "कूलर न्हवं ह्यो, चिलीम हाय! चिलीम!"

आम्ही हसून बेजार. हौसाक्का तेवढी हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं टाकीतलं पाणी बादलीत काढलं. काळंकुट्ट. ती बादलीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आवं बाई, ह्ये रोज आपल्या छातीत जातंय व्हय?"

*

गावात एक रिटायर्ड गुरुजी होते. त्यांचा फोन उन्हाळ्यात दर आठवड्याला बंद पडायचा. बिरूमामा जायचे, वाळवून चालू करून यायचे, पुन्हा बंद. कारण सापडेना.

एका दुपारी बिरूमामा न सांगता जाऊन धडकले. बघतात तर टेबलावर फोन ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला! माठाला गुंडाळतात तसा. वरून गुरुजी तांब्यानं पाणी शिंपडतायत.

"गुरुजी, ह्ये काय करताय? आत पानी जातंय की!"

गुरुजी उसळले. "तुमच्या मशीनला एसी! मग माझ्या फोननं काय घोडं मारलंय?"

*

डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. साहेबांनी कराडच्या मेडिकलमधून प्रत्येकाला तोंडावर बांधायची पांढरी पट्टी आणून दिली. त्या काळात अशी पट्टी बांधलेला माणूस लोकांनी ऑपरेशन थिएटरच्या दारातच पाहिलेला. बिरूमामांनी तिच्यावर बाजारातून घेतलेला मोटारसायकलवाल्याचा काळा चष्मा चढवला, खांद्याला हत्यारांची पिशवी लावली आणि एका वस्तीवर फोन दुरुस्तीला निघाले.

दार ढकलून आत गेले तर खाटेवर सत्तरीचे एक आजोबा. आजोबांनी पट्टी बघितली, चष्मा बघितला. पिशवीतून बिरूमामा पक्कड काढतायत तेही बघितलं. आणि धोतर सावरत मागच्या दारानं पळत सुटले!

"आवं आजोबा, थांबा की!"

बांधावरून आजोबा ओरडले, "नसबंदीवाल्यांनो, लाज वाटती का? माझं वय काय, तुमी करताय काय!"

*

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, एका उन्हाळ्यात माझ्याकडं राहायला आले. उभा जन्म त्यांनी कापडाच्या मागांवर काढलेला, आज या शेडमध्ये, उद्या त्या. छातीत कायमची घरघर. धुराचे दिवस म्हणून मी घाबरून निम्मं दुकान घरी आणलं. टेबलफॅन, छातीला चोळायचं मलम, नाकात हुंगायची कांडी, ग्लुकोजचा डबा. दादांनी सगळं कौतुकानं पाहिलं आणि टेबलफॅन दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात आणून हौसाक्काच्या बाजूला तोंड करून ठेवला. म्हणाले, "ती दिवसभर वाकून असते. मी तर बसूनच आहे."

आमच्या पांढऱ्या पट्ट्या बघून मात्र ते हसले. "कोरडं फडकं काय कामाचं?" त्यांनी मोठा रुमाल मागितला, तिरका दुमडला, पुन्हा दुमडला, पाण्यात बुडवून पिळला आणि नाकावरून मागं अशी गाठ मारली की बोलताना जराही सरकेना. साहेबांना बांधून दिला, बिरूमामांना, हौसाक्काला, मला. खरंच, घसा मोकळा झाला! दिवसभर आम्ही चौघं दरोडेखोरांसारखे बसून तक्रारी घेत होतो.

साहेबांना फार आवडलं. म्हणाले, "काका, हे मागांवर रोज बांधायचात तुम्ही?"

"रोज?" दादा म्हणाले. "छे! तपासणीला साहेब यायचे, त्या दिवशी."

साहेबांनी स्वतःचा रुमाल सोडला, ओला केला आणि पुन्हा बांधला.

*

आता हा शेवटचा.

एप्रिलातली दुपार. डोंगरावरच्या वाडीत एकच फोन होता, तो पीसीओ रंगूबाई चालवायची. तिचा फोन आला. "बाई, आग वाडीच्या मागं आलीया. बापय गडी डहाळ्या घिऊन झोडपायला गेल्यात. हितं म्हातारी मानसं हायत, लेकरं हायत, धुरात कायबी दिसंना. माझी लेक दहा दिसांची बाळंतीण हाय, बाई!"

साहेबांनी फॉरेस्टच्या ऑफिसला कळवलं. बिरूमामांनी स्टँडवरच्या एका वडापच्या, म्हणजे सीटा भरून सुटणाऱ्या, जीपवाल्याला अक्षरशः हाताला धरून ओढलं आणि वर गेले. दोन खेपा केल्या. चौदा माणसं खाली आणली. रंगूबाई आली नाही. म्हणाली, "फोनपाशी कुनीतरी पायजे."

दवाखाना पाटणला. पण पुढच्या वळणावर धुराची भिंत उभी होती. जीपवाला म्हणाला, "समोरचं न्हाई दिसत, मी न्हाई जानार." म्हणून सगळे आमच्या पत्र्याखाली. तिथंही धूर भरलेला. रंगूबाईच्या सासूचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजत होता. बाळंतिणीनं बाळाला पदरात घट्ट गुंडाळलं होतं आणि ते रडतही नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

साहेबांनी मशीनरूमच्या दाराकडं पाहिलं. साहेब पुढं झाले आणि त्यांनी दार उघडलं.

"पटापट आत चला. चपला राहू देत पायात."

चौदा माणसं आत गेली. हौसाक्कानं दाराच्या फटीला ओलं पोतं लावलं. उपकेंद्रातली सिस्टर धावत आली, तिनं म्हातारीला औषध दिलं आणि म्हणाली, "हितनं हलवू नका यांना." साहेब स्वतः बाहेरच थांबले. म्हणाले, "आतली हवा त्यांना पुरू दे."

तासाभरानं म्हातारीला जरा बोलता यायला लागलं. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या कपाटाकडं बघून तिनं बिरूमामांना विचारलं, "ह्येला काय झालंय, म्हनून गारव्यात ठेवलंय?"

"ताप हाय त्येला," बिरूमामा म्हणाले. "तू नीज."

साडेचारला रंगूबाईचा फोन आला. आग ओढ्यापाशी थांबली होती. गवताच्या गंजी गेल्या, घरं राहिली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई... सासू?"

"झोपलीय."

"झोपलीया म्हंजी?"

"अगं, घोरतीय!"

पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके ऐकू येत राहिले.

आणि पाच वाजता वरच्या ऑफिसचा फोन. तो रोज यायचा. मशीनरूमचं तापमान विचारायचे आणि लिहून ठेवायचे. साहेबांनी आजवर अर्ध्या डिग्रीचाही खोटा आकडा सांगितलेला नव्हता. त्यांनी मशीनरूमच्या खिडकीच्या काचेतून थर्मामीटर बघितला आणि सांगितलं, "एकतीस."

पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला टेबलावर ऐकू येत होतं. "एकतीस? एसी बंद पडला का?"

"नाही. चालू आहे."

"मग तापमान चढलं कसं?"

"लोड वाढलाय," साहेब म्हणाले. "आज दुपारी चौदा कनेक्शनं नवीन दिली."

"एका दुपारी चौदा? सगळी चालू आहेत ना?"

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी उठून काचेला नाक लावलं. म्हातारी भिंतीला टेकून घोरत होती. लेकरं फरशीवर पसरली होती. बाळंतीण पाठमोरी बसली होती, आणि तिच्या पदराखालून एक एवढीशी टाच बाहेर येऊन हवेत लाथा मारत होती.

मी मान डोलावली.

साहेबांनी रिसीव्हरवरचा हात काढला. "हो," ते म्हणाले, "सगळी चालू आहेत."